ऑप्शनला टाकलेलं युनिट

औंढा नागनाथ तालुक्यातल्या जवळा बाजारचा एखादा मुलगा बी. ए.ची परीक्षा देतो, तेव्हा त्याला शिकवणारे सर एक असतात, प्रश्नपत्रिका काढणारे दुसरे आणि उत्तरपत्रिका तपासणारे तिसरे. पेपर सेटर अभ्यास मंडळाच्या यादीतून येतो. तो लातूरचा असेल, परभणीचा असेल, वर्गाला आणि वर्गशिक्षकाला त्याचं नाव कधी कळत नाही. तपासणी होते केंद्रीय मूल्यमापन केंद्रात, म्हणजे बोलीभाषेतल्या 'कॅप'मध्ये. तिथे गठ्ठे फुटतात, बेरजा होतात, मॉडरेटर काही उत्तरपत्रिका पुन्हा पाहतो आणि यथावकाश नांदेडहून निकाल लागतो. मुलगा मोबाइलवर सीट नंबर टाकतो. त्याच्या पदरात एक आकडा पडतो, समजा ६० पैकी २६, आणि त्याच्या सरांच्या पदरातही तोच. त्या २६ मध्ये काय आलं आणि काय राहिलं, ते कुणीच सांगत नाही.

यात कुणा एकाचा दोष नाही, संलग्न महाविद्यालयांची रीतच अशी आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला, मराठवाडा मुक्तिदिनाचा मुहूर्त धरून, स्थापन झालं. नांदेड, लातूर, परभणी आणि १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेला हिंगोली असे चार जिल्हे त्याच्याकडे आहेत. एवढ्या पसाऱ्यात शिकवणाऱ्यानेच पेपर काढायचा आणि त्यानेच तपासायचा म्हटलं, तर 'मोस्ट आयएमपी'च्या चिठ्ठ्या आधीच वर्गात फिरतील, ही भीती खोटी नव्हे. म्हणून कामं वेगळी केली. विश्वासार्हता आली, पण शिकवण्याची आणि परीक्षेची गाठ सुटली. पेपर काढणाऱ्याला आपला प्रश्न वर्गात कसा उतरला ते समजत नाही आणि शिकवणाऱ्याला आपलं शिकवणं उत्तरपत्रिकेत कसं उतरलं ते समजत नाही. तपासणाऱ्याला मात्र दोन्ही दिसतं. त्याने उत्तरपत्रिका वाचलेल्या असतात, एकच चूक शंभरदा पाहून तो वैतागलेला असतो. पण त्याच्याकडून गुण मागितले जातात, वैतागाचं कारण कुणी विचारत नाही.

परीक्षेबद्दल आपल्याकडे बोललं गेलं नाही असं नाही. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने विद्यापीठात एकच सुधारणा करायची झाली तर ती परीक्षेत करा, असा सल्ला दिला होता. शिक्षणाच्या उद्दिष्टांची उतरंड मांडणारे बेंजामिन ब्लूम १९५७ साली भारतात आले होते आणि त्यांनी मूल्यमापनावर कार्यशाळा घेतल्या होत्या. त्यांचं नाव आज प्रत्येक प्राध्यापकाला तोंडपाठ आहे, कारण नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाइलीत ते लागतं. तरीही या सगळ्या चर्चेचा रोख बहुधा परीक्षा होण्याआधीच्या गोष्टींवर राहिला: पॅटर्न कोणता, सेमिस्टर की वार्षिक, अंतर्गत गुण किती. परीक्षा झाल्यावर, निकाल लागल्यावर, त्याच परीक्षेची परीक्षा घ्यायची हा भाग मागे पडला.

कायद्याची घाईही वेगळ्याच दिशेची आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ सांगतो की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत लावा. या मुदतीचा धाक किती असतो ते २०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने दाखवलं. उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायची पद्धत घाईने आणली, निकाल महिनोन्‌महिने लांबले आणि ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. त्या प्रकरणाची आठवण फक्त विलंबाची राहिली. वास्तविक पडद्यावरच्या तपासणीत एक गोष्ट फुकट मिळते: कोणत्या प्रश्नाला कुणाला किती गुण पडले याची आयती नोंद. ती वाचण्याची सवय आपल्याला कागदावरच्या काळात नव्हती, म्हणून पडद्यावर आल्यावरही तिची आठवण झाली नाही.

कागदाच्या उत्तरपत्रिकेतही ती नोंद असतेच. पहिल्या पानावर प्रश्ननिहाय गुणांचा तक्ता असतो. तपासणारा तो हाताने भरतो, खाली बेरीज मारतो, सही करतो. बेरीज गुणपत्रिकेवर जाते. तक्ता गठ्ठ्यात राहतो आणि गठ्ठा ठरावीक मुदतीनंतर रद्दीत जातो. एका सत्राच्या शिकवण्याबद्दल आपल्याजवळचा सगळ्यात प्रामाणिक दस्तऐवज हा तक्ताच असतो.

त्या तक्त्यातून काय निघतं ते एका कल्पित गठ्ठ्यावर पाहू. अर्थशास्त्राचा पेपर आहे, पाच प्रश्न, प्रत्येकी १५ गुण, कोणतेही चार सोडवा. तीस उत्तरपत्रिका आहेत. पहिला आणि दुसरा प्रश्न तीसही जणांनी सोडवला, तिसरा आणि पाचवा अठ्ठावीस-अठ्ठावीस जणांनी. चौथा प्रश्न मागणीच्या लवचिकतेवर होता, तो सोडवला फक्त चौघांनी. आता सरासऱ्या काढल्या तर गंमत होते. दुसऱ्या प्रश्नाची सरासरी ७ निघते आणि चौथ्याची ११. नुसत्या सरासरीवर विसंबलं तर चौथा प्रश्न वर्गाला सगळ्यात छान आला असं वाटेल. खरं तर सव्वीस जणांनी ते युनिट ऑप्शनला टाकलेलं होतं आणि ज्या चौघांना ते येत होतं तेवढेच त्या वाटेला गेले. म्हणून निकालानंतर पहिली मोजायची गोष्ट गुण नव्हेत. कोणता प्रश्न किती जणांनी सोडला, ते आधी मोजावं.

आणि सोडला तर का, हे आकडा सांगत नाही, ते विचारावं लागतं. जवळा बाजारसारख्या मोंढ्याच्या गावात हा प्रश्न जास्तच बोचतो. हळदीचा, सोयाबीनचा भाव कधी कोसळतो आणि माल घरात ठेवायचा की काढायचा, ही चर्चा ज्या घरांत रोज चालते तिथली मुलं लवचिकतेचं युनिट सोडून देतात, तर गडबड मुलांच्या डोक्यात असण्यापेक्षा दुसरीकडे असण्याचा संभव जास्त. कदाचित ते शेवटचं युनिट होतं आणि वर्ग तिथपर्यंत पोहोचलाच नाही. कदाचित आलेख काढावा लागतो म्हणून मुलं बिचकली. कदाचित मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाहून त्यांनी हिशेब केला की चार युनिटं केली तरी पुरतात. तो हिशेब अगदी बरोबर आहे, आणि तो तसा बरोबर ठरू देणारी प्रश्नपत्रिका आपणच काढलेली आहे. पहिल्या कारणाला वेळापत्रक बदलावं लागेल, दुसऱ्याला शिकवणं, तिसऱ्याला प्रश्नपत्रिकेचा आराखडा: प्रत्येक युनिटावर प्रश्न सक्तीचा आणि पर्याय त्या युनिटाच्या आतच. तिन्ही दुखण्यांना एकच 'मुलं अभ्यास करत नाहीत' हा काढा पाजण्यात अर्थ नाही.

हे झालं दीर्घोत्तरी प्रश्नांचं. वस्तुनिष्ठ प्रश्नांचं शास्त्र त्याहून जुनं आणि नेटकं आहे. चाचणीचे गुण उतरत्या क्रमाने लावायचे. वरचे २७ टक्के विद्यार्थी एका बाजूला, खालचे २७ टक्के दुसऱ्या बाजूला. २७ हा आकडा ट्रूमन केली यांनी १९३९ मध्ये संख्याशास्त्राने सिद्ध केला. टोकं पुरेशी वेगळी राहावीत आणि गटही पुरेसे मोठे राहावेत, याचा तो मध्य आहे. मग एकेका प्रश्नाला दोन्ही गटांतल्या किती जणांनी बरोबर उत्तर दिलं ते मोजायचं. दोन्ही मिळून किती टक्क्यांना आलं, ही झाली काठिण्य पातळी. वरच्या गटातल्या बरोबर उत्तरांतून खालच्या गटातली वजा करून एका गटाच्या संख्येने भागलं की मिळतो भेदक निर्देशांक. चांगल्या प्रश्नाचा निर्देशांक ०.३ च्या पुढे असावा असं साधारण मानतात. शून्याच्या आसपास असेल तर त्या प्रश्नाने कुणालाच निवडलं नाही. आणि तो उणे आला तर हुशार मुलं चुकली आणि कच्च्या मुलांचं उत्तर बरोबर आलं. हा उणे आकडा फार बोलका असतो.

एक नमुना घ्या. चाळीस मुलांचा इतिहासाचा वर्ग, अंतर्गत चाचणी, प्रश्न: मराठवाडा महाराष्ट्रात केव्हा सामील झाला? पर्याय चार: १५ ऑगस्ट १९४७, १७ सप्टेंबर १९४८, १ नोव्हेंबर १९५६, १ मे १९६०. सरांच्या उत्तरतालिकेत १ मे १९६०. चाळीसचे २७ टक्के म्हणजे अकरा. समजा खालच्या अकरांपैकी सात जणांनी १९६० लिहिलं आणि वरच्या अकरांपैकी चौघांनीच. काठिण्य पातळी निघते ५० टक्के, म्हणजे पुस्तकाप्रमाणे आदर्श. फार सोपा नाही, फार अवघड नाही. भेदक निर्देशांक मात्र उणे ०.२७. वरच्या गटातले उरलेले सात गेले कुठे? ते १९५६ वर गेले. आणि ते चुकलेले नाहीत. हैदराबाद राज्य मोडलं आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ लाच. विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्राबरोबर तो एका राज्यात आला तेव्हाच. १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला आणि उरलेल्याला महाराष्ट्र हे नाव मिळालं. ज्याने या भागांना एका राज्यात आणण्याच्या अटी ठरवणारा १९५३ चा नागपूर करार वाचला, ज्याला राज्य पुनर्रचना समजली, तो त्या प्रश्नापाशी अडखळणारच. ज्याने 'महाराष्ट्र दिन' एवढंच पाठ केलं तो सरळ पुढे जातो.

अशा वेळी करायचं काय? गुण अजून जाहीर नसतील तर दोन्ही उत्तरं ग्राह्य धरायची, आणि का ते वर्गाला सांगायचं. पुढच्या वर्षासाठी प्रश्न फेकून द्यायचा नाही, फोडायचा: १९५६ मध्ये मराठवाड्याचं काय बदललं आणि १९६० मध्ये काय, दोन ओळींत लिहा. बिघडलेल्या प्रश्नाच्या पोटात बऱ्याचदा चांगला प्रश्न लपलेला असतो.

आता चाळीस मुलांच्या वर्गात हे आकडे फार मनावर घेण्यासारखे नसतात, हेही लगेच सांगायला हवं. अकरांच्या गटात एक मुलगा इकडचा तिकडे झाला की निर्देशांक ०.०९ ने हलतो. हजारो उमेदवारांच्या परीक्षेत जो आकडा निकाल देतो, तो इथे फक्त बोट दाखवतो. बोट जिथे वळलं तिथे प्रश्न पुन्हा वाचायचा, एवढंच. आणि त्यासाठी संगणक लागत नाही. वहीचं एक पान आणि अर्धा तास पुरतो.

निबंधवजा उत्तरांत आणखी एक काटा आहे, तपासणाऱ्याचा हात. अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी १९१२-१३ मध्ये एकच उत्तरपत्रिका अनेक शाळांतल्या शिक्षकांना तपासायला दिली. इंग्रजीत गुण वेगवेगळे पडले याचं कुणाला नवल वाटलं नाही. म्हणून त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका घेतली, आणि तीत तर फरक आणखी वाढला: कुणी तिशीच्या आत गुण दिले, कुणी नव्वदीच्या घरात. कुणी पायऱ्यांना गुण देत होता, कुणी फक्त शेवटच्या उत्तराला, कुणी अक्षराचे कापत होता. प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी गुणदान योजना होती आणि ती कागदावर कुठेच नव्हती. आपल्या कॅपमध्ये मॉडेल आन्सर असतं, मॉडरेशन असतं. पण मॉडरेटर गुण सरळ करतो. कोणत्या प्रश्नावर तपासणाऱ्यांची मतं सगळ्यात जास्त फाटली, म्हणजे प्रश्नच कुठे धूसर होता, याची टीप त्या प्रश्नाच्या जन्मदात्यापर्यंत जात नाही.

लहान महाविद्यालयात एका विषयाला एकच शिक्षक असतो, मग दुसरा हात आणायचा कुठून? औंढा, वसमत, हिंगोली इथली महाविद्यालयं एकाच विद्यापीठाची, एकाच अभ्यासक्रमाची आहेत. अंतर्गत परीक्षेच्या दहा उत्तरपत्रिका नाव झाकून, गुण न दाखवता, शेजारच्या महाविद्यालयातल्या त्याच विषयाच्या शिक्षकाकडे द्यायच्या आणि त्यांच्या दहा आपण घ्यायच्या. वसमतच्या मोंढ्यात व्यापारी अख्खा ढीग उपसत नाही, हळदीच्या चार कांड्या मोडून आतला रंग पाहतो. तसंच इथे दहांत भागतं, फक्त त्या दहा वरच्या, मधल्या आणि खालच्या अशा तिन्ही थरांतल्या हव्यात. दोघांच्या गुणांत वीसपैकी सहा-सातचा फरक पडला तर चहा घेत बसावं आणि एकेका उत्तरावर भांडावं. त्या भांडणातून जी गुणदान योजना तयार होते, ती कोणत्याही परिपत्रकातल्या योजनेपेक्षा चांगली असते, असं माझं मत आहे.

विद्यापीठाच्या मुख्य परीक्षेची उत्तरपत्रिका शिक्षकाच्या हाती येत नाही, असं म्हणून आपण हात झटकतो. पण विद्यार्थ्याच्या हाती ती येऊ शकते, आणि या हक्काची मोठी लढाई महाराष्ट्रातूनच सुरू झाली. बारावीच्या काही विद्यार्थ्यांनी राज्य मंडळाच्या नियमांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती. उत्तरपत्रिका पाहू द्या, फेरतपासणी करा, ही मागणी. उच्च न्यायालयाने ती मान्य केली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परितोष शेठ खटल्यात तो निकाल फिरवला. पुढे माहिती अधिकार कायदा आला आणि २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीला हक्क आहे. आज छायाप्रतीसाठी अर्ज करणं ही नेहमीची गोष्ट झाली आहे. मुलं ती मागवतात ती पुनर्मूल्यांकनात चार गुण वाढतील का एवढंच पाहायला. गुण वाढोत न वाढोत, ती झेरॉक्स नंतर घरात पडून राहते. मुलांच्या संमतीने, नाव आणि सीट नंबर झाकून, विभागाने अशा छायाप्रती एका फाइलीत जमवल्या तर दोन-तीन वर्षांत त्या विषयाच्या शिक्षकाजवळ जो खजिना तयार होईल, तो कोणत्याही कार्यशाळेत मिळणार नाही. अर्थात छायाप्रत मागवणारे बहुधा काठावरचे किंवा रुसलेले विद्यार्थी असतात. त्या फाइलीतून पूर्ण वर्ग दिसत नाही, हे ध्यानात ठेवून ती वाचावी.

अंतर्गत गुणांबद्दल उघड बोलणं अवघड, पण बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. नांदेड विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात गुणांचे दोन भाग असतात: एक सीए, म्हणजे सातत्यपूर्ण मूल्यमापन, आणि दुसरा ईएसए, म्हणजे सत्रअखेरची परीक्षा. सत्रअखेरची परीक्षा विद्यापीठाची. सीए मात्र शिक्षकाच्या हातात. आपल्याला मोकळीक नाही अशी तक्रार करणाऱ्यांना मिळालेली हीच ती मोकळीक. आणि बऱ्याच ठिकाणी तिचं काय होतं? सढळ हाताने वाटप. वीसपैकी सतरा, अठरा, सतरा, एकोणीस. जो ईएसएत नापास झाला त्यालाही अठरा आणि जो पहिला आला त्यालाही अठरा. निकाल लागल्यावर हे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. दोघांचा एकमेकांशी काहीच मेळ नसेल तर एक तर सीएने काही मोजलंच नाही, किंवा तिने असं काही मोजलं जे लेखी परीक्षेत येत नाही, उदाहरणार्थ तोंडी मांडणी किंवा गावातली पाहणी. दुसरी शक्यता असेल तर ती अभिमानाने लिहून ठेवावी. पण ती खरी असायला हवी.

नॅकमुळे निकाल वाचण्याच्या या कामाला एक कागदी जुळं भावंड लाभलं आहे. कोर्स आउटकम (विषयातून काय साधायचं), त्यांची प्रोग्राम आउटकमशी (पदवीतून काय साधायचं) जोडणी, मग 'अटेनमेंट'चा तक्ता: अमुक टक्के विद्यार्थ्यांना अमुक गुणांच्या वर म्हणजे लेव्हल दोन. कल्पना मुळात वाईट नाही. परीक्षेतून काय साधलं ते दाखवा, एवढीच अपेक्षा आहे. पण एकूण गुणांवरून काढलेला अटेनमेंट कोणत्या युनिटाला मुलांनी हातच लावला नाही ते दाखवू शकत नाही. वर सांगितलेल्या गठ्ठ्यात लवचिकतेचं युनिट सव्वीस जणांनी सोडलं तरी तक्त्यात लेव्हल दोन सुखाने उभी राहील. नॅकच्या मूल्यांकनाच्या आदल्या आठवड्यात भरलेल्या एक्सेलकडून याहून जास्त काही निघणारही नाही.

यातली सगळ्यात कठीण अडचण शैक्षणिक नाही, नेमणुकीची आहे. मराठवाड्यातल्या कितीतरी महाविद्यालयांत विषय तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या खांद्यावर आहेत. त्यांची नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती, मानधन घेतलेल्या तासांचं. सत्र संपलं की तास संपले. उन्हाळ्यात निकाल लागतो तेव्हा शिकवणारा माणूस महाविद्यालयाच्या हजेरीपटावर नसतो, आणि जूननंतर तो त्याच वर्गावर येईल याची खात्री नसते. ज्याने पहिल्या पानाचे तक्ते वाचायचे, छायाप्रती जमवायच्या, शेजारच्या महाविद्यालयाशी दहा उत्तरपत्रिका बदलायच्या, त्याला त्या कामाचा एक रुपया मिळत नाही. विनामोबदला, उत्साहाने करा म्हणणं सोपं आहे. त्यापेक्षा निकालानंतरच्या दोन तासिका नेमणूकपत्रातच धराव्यात आणि त्या दोन तासांतून एक पानाचं टिपण विभागात जमा करून घ्यावं. पुढच्या वर्षी माणूस बदलला तरी पान राहील.

त्या पानाला पत्ताही हवा. प्रश्नपत्रिकेबद्दलची कुरकुर स्टाफरूममध्ये भरपूर चालते, पण अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांच्या टेबलावर ती 'पेपर फार अवघड होता' एवढ्याच स्वरूपात पोहोचते, आणि त्यावर कुणीही काही करू शकत नाही. तेच पत्र असं गेलं तर: विषयाचा सांकेतिक क्रमांक, प्रश्न क्रमांक, इतक्या छायाप्रती पाहिल्या, इतक्यांनी हा प्रश्न सोडला, सोडवणाऱ्यांपैकी इतक्यांनी मराठी रूपांतरातल्या अमुक शब्दामुळे भलतंच उत्तर लिहिलं, आमची सुचवण ही. वसमत, औंढा आणि हिंगोली इथून त्याच प्रश्नाबद्दल अशी तीन पत्रं एकाच महिन्यात गेली, तर पुढच्या पेपर सेटरला पाठवायच्या सूचनांत त्यांची एक ओळ येऊ शकते. पत्र उन्हाळी परीक्षेच्या निकालानंतर, जुलै संपायच्या आत जावं. हिवाळी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका काढण्याचं काम सुरू झाल्यावर ते पोहोचून काही उपयोग नाही.